तांबड्या पेशींची पटले कितीही धुतली तरी गुलाबीच राहतात – मदत हवी आहे

नमस्कार,

माणसाच्या तांबड्या रक्तपेशींची पटले वेगळी करून त्यांतील स्पेक्ट्रिन आणि बँड ३ या दोन प्रथिनांचा मी अभ्यास करते आहे. आधी एसडीएस जेल (प्रथिने आकारानुसार वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणारे) आणि मग मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वस्तुमानावरून प्रथिने ओळखण्याचे तंत्र) असा क्रम ठरला आहे, पण गाडी पटलांच्या शुद्धतेपाशीच अडली आहे.

मुदत संपलेल्या सीपीडीए (रक्त टिकवणाऱ्या द्रावणाच्या) पिशवीतले रक्त आम्हाला मिळते. सलाईनने पेशी धुऊन आणि पांढऱ्या पेशींचा थर काढून, ५ मिलिमोलर, ७.४ पीएचच्या बर्फगार फॉस्फेट बफरमध्ये एकास दहा या प्रमाणात त्या फोडते आणि ४ अंशांवर २०,००० जी वेगाने २० मिनिटे फिरवते. वरचा द्रव पाण्यासारखा नितळ होईपर्यंत हे चालू ठेवते, तरी साका (तळाशी बसलेला पटलांचा थर) पांढरा होत नाही. जेलमध्ये तळाशी १६ किलोडाल्टनला (हे प्रथिनांच्या वजनाचे एकक) हिमोग्लोबिनचा जाड पट्टा येतो, तर २४० आणि २२० च्या आसपासची स्पेक्ट्रिनची जोडी फिकट दिसते आणि तिच्याखाली बारीक पट्ट्यांची रांग लागते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू आणि बँड ३ चे जेमतेम १० ते १२ लाख असतात. त्यामुळे थोडे हिमोग्लोबिन मागे राहिले तरी मास स्पेक्ट्रोमेट्रीत तेच सगळी जागा व्यापणार, ही माझी खरी चिंता आहे. ११.५ पीएचच्या सोडियम कार्बोनेटने साका धुवावा का?

प्रतिसाद

सगळा साका कार्बोनेटमध्ये घालू नका. त्याने हिमोग्लोबिन सुटेल, पण पटलाला आतून नुसते टेकलेले स्पेक्ट्रिनही त्याच्याबरोबर जाईल. बँड ३ पटलात रुतलेले असल्यामुळे टिकते, म्हणून फक्त त्याच्यासाठी एक वाटा बाजूला काढून कार्बोनेटने धुवायला हरकत नाही.

गुलाबी रंगाबद्दल माझा पहिला संशय रक्ताच्या वयावर आहे. सीपीडीए पिशवीची मुदत ३५ दिवसांची असते. तोवर काही हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण होऊन ते बँड ३ च्या आतल्या टोकाला घट्ट चिकटते आणि साध्या धुण्याने निघत नाही. नैतिकता समितीच्या परवानगीने ताजे रक्त घेऊन हीच पद्धत शेजारी चालवा. दोन्हींसाठी बफर ८ पीएचचा आणि प्रमाण एकास चाळीस ठेवा, कारण पीएच वाढला की हिमोग्लोबिनची बँड ३ वरची पकड सैल होते.

बारीक पट्ट्यांचे उत्तर बहुधा नळीच्या तळाशी आहे. फिरवून झाल्यावर नळी हलकेच कलती करा: पटलांचा सैल साका घसरतो आणि खाली एक छोटी, कडक गोळी चिकटलेली राहते. ती पांढऱ्या पेशींच्या अवशेषांची असते आणि तिच्यात प्रथिने तोडणारी विकरे भरपूर असतात. दर वेळी पिपेटने ती ओढून टाका. पीएमएसएफ (या विकरांना रोखणारे रसायन) वापरत असाल तर प्रत्येक धुण्याला ताजे घाला, कारण ते पाण्यात फार काळ टिकत नाही आणि ८ पीएचला तर आणखी लवकर निकामी होते.

धुण्याचा वरचा द्रवही जेलवर चढवा. त्यात अखंड स्पेक्ट्रिन दिसले तर ते तुटत नसून पटलावरून सुटते आहे. इतक्या कमी क्षाराच्या बफरमध्ये थोडी ऊब मिळाली तरी तसे होते, म्हणून रोटर (यंत्रातला नळ्या फिरवणारा भाग) आधीपासून थंड करून ठेवावा.

ताज्या आणि जुन्या रक्ताच्या जेलांची चित्रे शेजारीशेजारी इथे टाका. तुकडे कोणत्या वजनाला येतात ते पाहून पुढचे सांगता येईल.