बिघडण्याआधी बदलायचं, की बिघडल्यावर?

(ऑनलाइन मंचावरचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तेलकट हात

"चालतंय ना, मग हात कशाला लावताय?" हे वाक्य हल्ली शहाणपण म्हणून खपतं. माझं म्हणणं उलट आहे. मुदत भरली की भाग बदलायचा, तो अजून चालतोय का हे विचारायचंच नाही.

टायमिंग बेल्ट घ्या. काही इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत येतात, फक्त वेळ वेगवेगळी असते. ती वेळ सांभाळतो बेल्ट. तो तुटला की व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट फिरत राहतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, कधी पिस्टनलाही मार बसतो. बाहेरून बेल्ट बघून भरवसा धरता येत नाही. वरचं रबर तुकतुकीत असतं आणि आतले दोर थकलेले असतात. म्हणून कंपनीने दिलेले किलोमीटर किंवा वर्षं, यांतलं जे आधी भरेल ते. बदलताना टेन्शनर आणि आयडलर सोबतच, पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही.

आता हिशेब. वयाबरोबर बिघाड कसा बदलतो ते वायबुल वक्र दाखवतो. त्यातला बिटा हा आकडा १ म्हणजे बिघाडाचा वयाशी संबंध नाही, १ च्या वर म्हणजे झीज, १ च्या खाली म्हणजे नवा भागच जास्त दगा देतो. समजा बिटा ३ आहे, ठरवून बदलायचा खर्च १ आणि अवेळी बिघडल्याचा १०. ज्या वयाला ६३ टक्के भाग गेलेले असतात त्याला पूर्ण आयुष्य धरा. तर त्याच्या ३८ टक्क्यांच्या आसपास भाग बदलणं सगळ्यात स्वस्त पडतं, आणि तुटेपर्यंत चालवण्याच्या तुलनेत एकूण खर्च साधारण एक तृतीयांशावर येतो. यंत्र असो, सर्व्हर असो, दवाखाना असो की शेत, गणित हेच. विरोध असेल तर आकड्यांनी करा.

रात्रपाळी

आकड्यांनीच करतो. टायमिंग बेल्ट हे तुमचं उदाहरण असणारच होतं, कारण या बाजूचं इतकं चोख उदाहरण दुसरं सहज सापडत नाही.

युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ साली विमानांच्या भागांचा अहवाल दिला. वय वाढलं की बिघाड वाढतो असं फक्त ११ टक्के भागांत दिसलं. बाकी ८९ टक्क्यांना मुदत ठरवून काही फायदा नव्हता. त्यातले ६८ टक्के तर असे, की नवे बसवल्यावर बिघाडाची शक्यता सर्वांत जास्त आणि मग ती उतरून सपाट होते. असा भाग मुदतीने बदललात तर तुम्ही सपाट टप्प्यातून उचलून त्याला परत सुरुवातीच्या चढावर नेऊन ठेवता. पदरचे पैसे घालून धोका वाढवायचा हा प्रकार.

त्याहून जुना दाखला शास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये विमानांची दर ५० तासांनी तपासणी व्हायची. त्यांनी बिघाडांची नोंद मांडली, तर अवेळी दुरुस्त्या तपासणीनंतर लगेच सर्वांत जास्त आणि पुढची तपासणी जवळ येईल तशा कमी होत गेलेल्या. तपासणीच विमान बिघडवत होती.

बेअरिंगचं तर विचारूच नका. कॅटलॉगमधलं एल-१० आयुष्य म्हणजे १०० पैकी १० बेअरिंग तोवर गेलेली असतील असं वय. तेव्हा सगळी बदललीत तर ९० चांगली भंगारात. निम्मी जायला साधारण त्याच्या पाचपट काळ लागतो.

तेलकट हात

वॉडिंग्टनच्या नोंदीत दोष वेळापत्रकाचा की हातांचा? बेअरिंग लवकर जातं ते का, हे स्पष्ट लिहू या. आतली कडी शाफ्टवर घट्ट बसणारी असते आणि लोक हातोडा मारतात बाहेरच्या कडीवर. तो मार गोळ्यांमधून जातो, धावपट्टीवर बारीक खळगे पडतात, आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणायला लागतं. बरोबर पद्धत: इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवा, १२५ च्या वर कधीच नाही, हाताने सरकवा, खांद्याला टेकवून थंड होईस्तोवर धरून ठेवा. ग्रीस मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. ठासून भरलं तर गोळ्या ते ग्रीस घुसळत बसतात आणि बेअरिंग तापतं. मग मोटरचे चारही पाय चौथऱ्यावर नीट टेकतात का बघून अलाइनमेंट.

हे सगळं बिघडल्यावर बदलतानाही करायचंच आहे. माणूस तोच, काम तेच. फक्त तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले असतात, लाइन बंद असते आणि मागे उभा राहून कोणीतरी "किती वेळ?" विचारत असतो. तेव्हा हातोडा जास्त चालतो की कमी?

रात्रपाळी

मुद्दा कबूल. पण मी "तुटेपर्यंत चालवा" म्हटलंच नाही. अवस्था बघा आणि मग ठरवा.

मोटर १५०० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला २५. बेअरिंगमध्ये ९ गोळ्या. बाहेरच्या कडीवर दोष असेल तर कंपन साधारण ०.४ × ९ × २५, म्हणजे ९० हर्ट्झला दिसतं. आतल्या कडीला ०.६ धरा, १३५ हर्ट्झ. कंपनाच्या आलेखात त्या जागी सुळका उगवला आणि दर वाचनाला वाढत चालला, की तारीख आपली आपण ठरवायची: सुटे भाग हातात, दिवसाउजेडी, घाई नाही. दोष पहिल्यांदा दिसू लागल्यापासून यंत्र बंद पडेपर्यंत ८ आठवडे मिळत असतील, तर वाचन ४ आठवड्यांना घ्यायचं. लोक इथेच चुकतात. भाग किती टिकतो यावरून तपासणीचं अंतर ठरवतात. ते ठरतं इशाऱ्यापासून बिघाडापर्यंत किती वेळ मिळतो त्यावरून. भाग दहा वर्षं टिकणारा असला आणि इशारा दोन दिवसांचा असला, तर महिन्याची तपासणी म्हणजे निव्वळ कागद भरणं.

शून्य-एक

आणि इशारा मिळालाच नाही तर? २००७ साली गूगलच्या लोकांनी आपल्या हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी चार महत्त्वाच्या 'स्मार्ट' खुणांपैकी (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या) एकही दाखवली नव्हती. त्यामुळे डिस्कच्या बाबतीत ना मुदत कामाची, ना कंपनाचे सुळके. तिथे एकच उपाय: ती मरणार हे धरून दुसऱ्या जागी प्रत ठेवा आणि मेली की बदला. "बिघडल्यावर बदला" ही आळशी माणसाची पद्धत आहे असं दोघंही गृहीत धरताय. पर्यायी प्रत असेल तर तीच सर्वांत स्वस्त.

सॉफ्टवेअरची दुसरी गंमत अशी की ते झिजत नाही, भोवतालचं जग बदलतं. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये पॅच दिला, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला १२ मे २०१७ ला. ज्यांनी "चालतंय ना" म्हणत दोन महिने घालवले ते अडकले. १९ जुलै २०२४ ला उलटं झालं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीचं एक सदोष अपडेट सगळीकडे एकदम गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. दोन्ही बाजूंना आपापला दाखला मिळाला, वाटून घ्या. माझ्यापुरता धडा टप्प्यांचा आहे: आधी १ टक्का यंत्रं, काही तास थांबा, चूक-नोंदी बघा, मग १० टक्के, मग बाकीची. आणि मागे फिरण्याची वाट आधी करून बघितलेली असावी. ती फक्त कागदावर असली तर नसल्यातच जमा.

पासवर्डचं उदाहरण मात्र तेलकट हात यांना आवडणार नाही. दर ९० दिवसांनी बदला, ही वर्षानुवर्षांची शिस्त. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात ती नको म्हटलं; फुटल्याचा पुरावा असेल तर बदलायला लावा. कारण माणसं पासवर्डच्या शेवटच्या १ चं फक्त २ करतात. पण वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत मुद्दाम कमी करत चाललेत, २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर येणार आहे. विरोधाभास नाही हा. पासवर्ड माणूस बदलतो, प्रमाणपत्र स्क्रिप्ट बदलते. वर्षातून एकदा हाताने करायचं काम विसरलं जातं, दीड महिन्याला करायचं काम यंत्रावर सोपवावंच लागतं.

स्टेथो

दवाखान्यातही गणित तेच, असं धागाकर्त्यांनी लिहिलंय, म्हणून. हाताच्या शिरेतली सलाईनची नळी ७२ ते ९६ तासांनी बदलायचीच, असा नियम होता. ऑस्ट्रेलियातल्या ३,२८३ रुग्णांवरची चाचणी २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. अर्ध्यांची नळी नेमाने बदलली, अर्ध्यांची गरज पडली तरच. शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्के. म्हणजे नेमाने बदलून पदरात पडली ती जास्तीची टोचणी. अट एकच: प्रत्येक पाळीत जागा बघायची. दुखतंय का, लाली, सूज, गळती, शीर दोरीसारखी कडक लागते का. यातलं काही दिसलं तर नळी लगेच काढायची. आणि गरज संपली की त्याच दिवशी काढायची. "असू दे, लागली तर" हा सर्वांत मोठा गुन्हा.

पण रात्रपाळी, एवढ्यात खूश होऊ नका. बघण्यालाही किंमत असते. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने गळा तपासण्याची लाट आली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचं निदान १५ पट झालं, त्याने होणारे मृत्यू जवळपास होते तेवढेच राहिले. जे आयुष्यभर गप्प बसलं असतं ते सापडलं, आणि सापडलं म्हणून कापलं. मग जन्मभर गोळी, कुणाचा आवाज गेला, कुणाचं कॅल्शियम कमी झालं. बेअरिंग उगाच काढलं तर बेअरिंग जातं. इथे माणूस आहे.

निंबोळी

शेतात एकाच बांधावर दोन्ही उत्तरं खरी ठरतात.

किडीला तारखेवार फवारणी म्हणजे पायावर धोंडा. भातावरचा तपकिरी तुडतुडा घ्या. सरसकट कीटकनाशकाने त्याला खाणारे कोळी आणि ढेकूण आधी मरतात, तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात, आणि पुढची पिढी राखणदार नसलेल्या शेतात बाहेर पडते. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली ती याच कारणाने. किडीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी बघायची, म्हणजे फवारणीच्या खर्चाहून नुकसान जास्त होईल इतकी कीड आहे का. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीला कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा) सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग आले की हालचाल, तोवर नाही. फक्त सापळ्यातली गंधाची वडी वेळेवर बदललेली हवी, नाहीतर पतंग येत नाहीत आणि शेतकरी निर्धास्त.

करप्याला मात्र हे लावलंत तर पीक गेलं. बटाट्यावरचा उशिराचा करपा पानावर डाग म्हणून दिसतो तेव्हा बुरशी आत शिरून काही दिवस झालेले असतात. मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य औषध पानाच्या बाहेर काम करतं, बीजाणू रुजायच्या आधी ते तिथे हवं. म्हणून हवामान बघायचं. ब्रिटनमधला हटन निकष असा: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा वर, आणि दोन्ही दिवशी निदान ६ तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त. तसं झालं की फवारा, डाग दिसो न दिसो. याला मुदत म्हणायचं की अवस्था? रोगाची अवस्था नाही बघत आपण, रोग येण्याजोगी परिस्थिती बघतो. हा तिसरा रस्ता इथे कुणी मांडला नाही.

तेलकट हात

एक माघार घेतो, पूर्ण नाही. माझ्या हिशेबात अवेळी बिघाडाचा खर्च १० पट होता. तो फक्त दुप्पट धरला, तर बिटा ३ असूनही बदलायचं वय ८० टक्क्यांच्या पुढे जातं आणि बचत उरते जेमतेम १२ टक्के. एवढ्यासाठी वेळापत्रक, स्टोअरमधला साठा, परवानग्या कोण सांभाळणार? आणि बिटा १ असेल तर कुठलंच वय बरोबर निघत नाही. शून्य-एक यांच्या डिस्कचं तेच झालं. पण खर्च दहापट आहे आणि भाग खरोखर झिजतो, तिथे मी हटणार नाही.

आता मला सांगा, जी वस्तू चालूच नसते तिचं काय? आग विझवायचा राखीव पंप, सेफ्टी व्हॉल्व्ह. बिघडलं तरी कळणार नाही, आणि कंपन मोजायला ती फिरत नाही.

रात्रपाळी

तिथे चाचणी. सूत्र सोपं आहे: चाचणीतलं अंतर = २ × चालेल तेवढी अनुपलब्धता × दोन बिघाडांमधला सरासरी काळ. पंप सरासरी १० वर्षांत एकदा बिघडतो आणि गरजेच्या वेळी १ टक्क्याहून जास्त वेळा दगा नको. २ × ०.०१ × १० = ०.२ वर्षं, म्हणजे ७३ दिवस. हे सूत्र बिघाड वयावर अवलंबून नाही असं धरून आहे.

शून्य-एक

बॅकअपलाही हेच लावा. "बॅकअप यशस्वी" हा हिरवा टिळा म्हणजे चाचणी नव्हे. वेगळ्या यंत्रावर उतरवून डेटाबेस उघडला, ओळी मोजल्या, तर ती चाचणी.

तेलकट हात

म्हणजे फिरून कॅलेंडरवर आलात की! आणि तुमचे ७३ दिवस मला मान्य नाहीत. डिझेल पंपाची बॅटरी उतरायला ७३ दिवस लागत नाहीत. अमेरिकेच्या एनएफपीए २५ या अग्निसुरक्षा मानकात डिझेल पंप दर आठवड्याला ३० मिनिटं चालवायला सांगितलाय, विजेच्या पंपाची चाचणी १० मिनिटांची. ही ३० मिनिटं उगाच नाहीत. तीन मिनिटांत बंद केलं तर इंजिन तापत नाही, न जळलेलं डिझेल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये उतरतं, आणि स्टार्टरने खाल्लेला चार्ज बॅटरीत परत जात नाही. चाचणीनेच पंप मारायची ही पद्धत.

रात्रपाळी

बॅटरीचा मुद्दा खरा. सूत्र पूर्ण पंपाला न लावता बॅटरी, स्टार्टर, इंधन, पंप असं वेगवेगळं लावायला हवं. अंतर सर्वांत दुबळ्या भागाचं धरायचं. आणखी एक: चाचणी झाल्यावर निवड-स्विच 'मॅन्युअल'वरून 'ऑटो'वर परत गेलाय का आणि सक्शनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, हे ज्याने चाचणी केली त्याने नाही, दुसऱ्याने जाऊन बघायचं.