अभ्रिका, तेजोमेघ, दीर्घिका, आकाशगंगा: फोटोखाली नेमकं काय लिहायचं?

चांदणवेडा
गेल्या हिवाळ्यात काढलेले आकाशाचे सहा फोटो यंदा सोसायटीच्या गणपतीत मांडवाशेजारी लावले. खालच्या ओळी मीच टाइप करून फ्लेक्सवाल्याला पाठवल्या होत्या. फ्लेक्स आला, तर त्यावर ठसठशीत अक्षरात 'मृगातील आफ्रिका'. 'अभ्रिका' (नेब्युला, म्हणजे आकाशातला वायू-धुळीचा ढग) हा शब्द त्याच्या संगणकाच्या ओळखीचा नव्हता, त्यानं आपल्या परीनं सुधारून टाकला. दोन दिवस लोक विचारत होते, आफ्रिकेला कधी जाऊन आलात?

ते हसण्यावारी गेलं. पण दुसरी गोष्ट डोक्यातून जात नाही. एम३१ (मेसियेच्या यादीतली ३१ वी वस्तू, इंग्रजीत अँड्रोमेडा) च्या फोटोखाली मी 'देवयानी आकाशगंगा' लिहिलं होतं. शेजारचे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "आकाशगंगा एकच, आपली. ही दीर्घिका." दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, अब्जावधी ताऱ्यांचा समूह. मग त्यांनी घरातून एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक आणून दाखवलं. त्यात याच गोष्टीला 'देवयानीतील तेजोमेघ' म्हटलंय! दिवाळीनंतर हेच फोटो एका शाळेत लावायचे आहेत. पोरं शब्द पाठ करतात, म्हणून विचारतो. यातलं बरोबर काय? आणि मृगातल्या एम४२ ला अभ्रिका म्हणू की तेजोमेघ?

अमावास्या
जुन्या पुस्तकातला 'तेजोमेघ' ही छपाईची चूक नाही, तेव्हा सगळेच तसं म्हणत. दुर्बिणीतून जे जे धूसर, पसरट दिसे त्याला इंग्रजीत सरसकट 'नेब्युला' म्हणायची पद्धत होती, आणि मराठीनं ते जसंच्या तसं उचललं.

तुमच्या कामाची एक गोष्ट सांगते. देवयानीचा पहिला गाजलेला फोटो एका हौशी माणसानंच काढला. आयझॅक रॉबर्ट्स, लिव्हरपूलकडचा इमारतींचा कंत्राटदार. डिसेंबर १८८८ मध्ये २० इंची परावर्ती दुर्बिणीवर काचेची प्लेट लावून त्यानं तो घेतला. त्यात सर्पिल फाटे स्वच्छ दिसतात. पण त्याला आणि त्याच्या काळातल्या बऱ्याच जणांना वाटलं, की हा वायूचा भोवरा आहे आणि त्यातून एखादी सूर्यमाला घडते आहे. फोटो उत्तम, खालची ओळ चुकलेली. तुम्ही एकटे नाही!

ती ओळ बदलायला पस्तीसेक वर्षं गेली. ऑक्टोबर १९२३ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञानं देवयानीची एक प्लेट घेतली. त्यात एक ठिपका त्याला नवतारा (अचानक भडकणारा तारा, इंग्रजीत नोव्हा) वाटला, म्हणून शाईनं 'एन' लिहिलं. जुन्या प्लेटांशी ताडून पाहिल्यावर कळलं, की तो ठिपका ठरावीक काळानं कमीजास्त होतोय. मग 'एन' वर काट मारून त्यानं लिहिलं 'व्हार!', म्हणजे व्हेरिएबल, रूपविकारी तारा. अशा ताऱ्याच्या ठोक्यावरून अंतर काढता येतं. त्याचं उत्तर आलं सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं. आजचा आकडा पंचवीस लाखांच्या आसपास आहे, पण नऊ लाखसुद्धा आपल्या आकाशगंगेच्या हद्दीबाहेर नेऊन सोडायला पुरेसे होते. १ जानेवारी १९२५ ला हे रीतसर वाचून दाखवलं गेलं. तेव्हापासून देवयानी 'मेघ' उरली नाही.

गंमत म्हणजे हबल स्वतः पुढेही त्यांना नेब्युलीच म्हणत राहिला. १९३६ च्या त्याच्या पुस्तकाच्या नावातही तोच शब्द आहे. तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांच्या पुस्तकाला नावं ठेवू नका.

गोदाकाठ
शिक्षकांशी मी सहमत नाही. 'आकाशगंगा एकच' हे कागदावर ठीक आहे, पण मराठी माणूस गंगेशी असा वागतच नाही. मी नाशिकचा. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात, आणि जातात गोदावरीवर. खाली मराठवाड्यात गोदावरीकाठच्या पट्ट्याला गंगथडी म्हणतात. विशेषनामाचं सामान्यनाम करायची आपल्याला जुनी सवय आहे. मग आकाशातल्या गंगाही अनेक झाल्या तर बिघडलं कुठे? वर्तमानपत्रं 'अब्जावधी आकाशगंगा' लिहितात, वाचणाऱ्याला कळतं. 'दीर्घिका' लिहिलं, तर आधी दीर्घिका म्हणजे काय ते सांगावं लागतं.

चांदणवेडा
गंगेचा मुद्दा आवडला. पण माझी अडचण शेजारच्या फोटोची आहे. भंडारदऱ्याला धरणाच्या पाण्यावर उभा आडवा पसरलेला पांढुरका पट्टा, त्याखाली मी 'आकाशगंगा' लिहिलंय. त्याच्या बाजूला एम३१, त्याखालीही 'आकाशगंगा'. चौथीतलं पोर विचारणार, काका, हे दोन्ही एकच का? एक आतून दिसते, एक बाहेरून, हे सांगायला शब्दही दोन हवेत ना.

जुनी_पोथी
दोन शब्द आहेतच, आणि दोन्ही पाण्याचे आहेत. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट बांधीव तळं, पुष्करिणीसारखं. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात ओस पडलेल्या अयोध्येचं वर्णन आहे. पूर्वी जिथे स्त्रिया जलक्रीडा करत, त्या दीर्घिकांचं पाणी आता रानरेडे शिंगांनी घुसळतात. ज्यानं कुणी गॅलेक्सीसाठी हा शब्द योजला त्याला 'दीर्घ', म्हणजे लांबट आकार, दिसत असावा असा माझा कयास. आपण जिच्यात आहोत ती वाहती गंगा, लांबून दिसतात ती तळी. मला तरी ही जोडी फार देखणी वाटते.

'गॅलेक्सी' ग्रीकमधल्या दुधाच्या शब्दावरून आला. त्यांना आकाशात दूध सांडलेलं दिसलं, आपल्याला पाणी.

गोदाकाठ
देखणी आहे, मान्य. पण देवयानी आपल्याला तिरकी दिसते म्हणून लांबट वाटते. श्यामशबल तारकासमूहातली एम५१ घ्या, ती समोरून दिसते, गोल गरगरीत. तिला दीर्घिका कुठल्या तोंडानं म्हणायचं?

जुनी_पोथी
ज्या तोंडानं आपण प्लास्टिकच्या पेल्याला 'ग्लास' म्हणतो, त्याच तोंडानं.

अमावास्या
आता अभ्रिका आणि तेजोमेघ. इथे माझं मत पक्कं आहे, फोटो काढून काढून झालेलं.

'तेजोमेघ' कानाला छान, आणि एम४२ ला शोभतोही. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली तो डोळ्यांनाही पुसट दिसतो. आतल्या कोवळ्या ताऱ्यांमुळे तिथला वायू खरोखर स्वतः उजळतो. पण बाणाच्या त्या तिघांपैकी टोकाच्या ताऱ्याला खेटून घोड्याच्या डोक्याची आकृती आहे, बर्नार्ड ३३. हार्वर्डच्या १८८८ च्या प्लेटवर विल्यमिना फ्लेमिंग यांना ती प्रथम दिसली. ती आहे काळी धूळ. मागच्या लाल उजेडावर तिची सावली पडते, म्हणून कळते. तिला काय म्हणणार, 'काळा तेजोमेघ'? एका मासिकात 'कृष्ण तेजोमेघ' वाचलाय मी, गोड कारल्यासारखा. 'कृष्ण अभ्रिका' म्हटलं की भांडण मिटलं. म्हणून जातीचं नाव अभ्रिका, आणि त्यातल्या उजळणाऱ्यांना लाडानं तेजोमेघ म्हणा, असं माझं म्हणणं.

'तेज' शब्दाचा आणखी एक जाच होतो. आकाशदर्शनाला आलेली मंडळी 'तेजोमेघ' ऐकून रांगेत उभी राहतात, दुर्बिणीला डोळा लावतात आणि म्हणतात, "हे राखाडी काय आहे?" फोटोतला लालभडक रंग हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटरचा. अंधारात आपल्या डोळ्याला तो जवळपास दिसत नाही. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टरही तो बराचसा अडवतो, म्हणून लोक फिल्टर काढून घेतात. अपेक्षाभंगाचं खापर मात्र आमच्यावर फुटतं.

चांदणवेडा
यावरून आठवलं. वेल्हे तालुक्यात एका वाडीबाहेर आम्ही रात्री सामान मांडून बसलो होतो. ज्यांच्या खळ्यात जागा मिळाली, त्या घरातल्या आजी बॅटरी घेऊन बघायला आल्या. (तिच्यावर आधी लाल कागद बांधायला लावला, त्यांनी हसत बांधला.) त्यांना दुर्बिणीतून देवयानी दाखवली. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ह्ये तर धुकट हाय रं." मी निराश. मग लॅपटॉपवर त्याच देवयानीचे जोडलेले फोटो दाखवले, कडेची काळी धुळीची रेघ, खालची छोटी सोबतीण, सगळं. त्या म्हणाल्या, "ह्ये बी धुकटच, पन धुतल्यालं."

जुनी_पोथी
आजींनी कोशकारांचं काम करून ठेवलंय! लॅटिनमध्ये नेब्युला म्हणजे धुकंच. हिंदी-बंगालीतला 'नीहारिका' त्याच वाटेनं आलाय, नीहार म्हणजे धुकं. मराठीनं मात्र 'अभ्र' धरलं, म्हणजे ढग. अभ्रक, अभ्राच्छादित ही त्याचीच पिलावळ.

अमावास्या
आणि आमचं सगळं दुःख त्यात आलं. आकाश अभ्राच्छादित असलं की अभ्रिका दिसत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हाच एक विनोद पुरवून पुरवून वापरतो.

चांदणवेडा
सहातला एक फोटो एम५७ चा आहे, स्वरमंडळ तारकासमूहातलं कडं. याला 'ग्रहीय तेजोमेघ' लिहिलं होतं. ते तरी बरोबर का?

जुनी_पोथी
ते सोडा. ग्रहाचा तिथे काही संबंध नाही. विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाला दुर्बिणीत त्या चकत्या ग्रहासारख्या वाटल्या, म्हणून हे नाव चिकटलं. मरत्या ताऱ्यानं टाकलेलं वायूचं कवच आहे ते. मराठीत त्यासाठी 'बिंबाभ्रिका' असा नेटका शब्द आहे. बिंबासारखी दिसते इतकंच सांगतो, खोटं काही सांगत नाही. मूळ इंग्रजीपेक्षा आपला शब्द सरस असण्याचे प्रसंग थोडे, त्यातला हा एक.

पारडं
धागा रेंगाळत वाचतोय. फोटोतलं मला काही कळत नाही, पण 'जोडलेले फोटो' म्हणजे काय? एक फोटो काढला की झालं ना?

चांदणवेडा
नाही ना. देवयानीचे मी मिनिटा-मिनिटाचे ९० फोटो काढले. प्रत्येकात वस्तू तीच, पण कॅमेऱ्याची खरखर दर वेळी वेगळी. सॉफ्टवेअर तारे ताऱ्यांवर बसवून सगळ्यांची सरासरी काढतं, मग खरखर दबते आणि वस्तू वर येते. शंभर फोटोंत खरखर साधारण दहाव्या हिश्शावर येते. याला सगळे 'स्टॅकिंग' म्हणतात. मराठी शब्द सुचत नाही. 'रास' लिहिलं, तर लोक विचारतील कन्या की तूळ.

पारडं
आमचं किराण्याचं दुकान. पोत्यांची लावतात ती थप्पी, मडक्यांची उतरंड, नाण्यांची चळत. कडेला कड बरोबर जुळवून रचायचं असेल तर चळतच. तुमचं तारे ताऱ्यांवर बसवणं म्हणजे चळतच की.

अमावास्या
वा! 'नव्वद फोटोंची चळत'. हा मी आजपासून वापरणार. सरासरीचा अर्थ त्यात येत नाही, पण तो 'स्टॅकिंग'मध्ये तरी कुठे आहे?

आता डार्कला शब्द द्या. आम्ही लेन्सला झाकण लावूनही तेवढ्याच वेळाचे फोटो काढतो. त्यात नुसते कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष येतात, चमकणारे खोटे ठिपके वगैरे. मग ते खऱ्या फोटोतून वजा करायचे.

पारडं
हा तर धडा! गिऱ्हाईक तेलाला किटली आणायचं, तेव्हा आधी रिकाम्या किटलीइतकं वजन दुसऱ्या पारड्यात टाकून धडा करायचो. वडील दगडाचा करायचे. मग तेल तेवढं नेमकं मोजलं जायचं.

चांदणवेडा
रात्री दीडला झाकण लावून 'धडा करतोय' म्हणणार आता. सोबतच्या पोरांना वाटेल, हा अभ्यासाला बसला.

शाळेच्या फ्लेक्ससाठी असं ठरवलं: देवयानी दीर्घिका, मृगातील अभ्रिका, अश्वशीर्ष कृष्ण अभ्रिका, स्वरमंडळातील बिंबाभ्रिका, श्यामशबलातील दीर्घिका. आणि भंडारदऱ्याच्या फोटोखाली नुसतं 'आकाशगंगा'. गोदाकाठ, तुमच्यासाठी त्याच फोटोखाली बारीक अक्षरात 'आपली' हा शब्द जोडतोय.

गोदाकाठ
चालेल. बारीक अक्षरात का होईना.

चांदणवेडा
फ्लेक्सवाल्याचं प्रूफ आत्ताच आलं. अभ्रिका तिन्ही ठिकाणी बरोबर. दीर्घिकेची मात्र दोन्हीकडे 'दिर्घिका' झालीय. परत पाठवलंय.