मायफळातील छिद्रे आणि आत सापडलेला किडा

प्रश्न (आरमोरी तालुका, जि. गडचिरोली)

नमस्कार. नातवाच्या बाळगुटीसाठी आठवडी बाजारातून मायफळे आणली. काहींना एकच वाटोळे छिद्र आहे, एकाला टाचणीच्या टोकाएवढी बरीच छिद्रे आहेत आणि काही पूर्ण बंद आहेत. सूनबाईंच्या मते ही किडकी फळे असून ती परत करावीत. बंद मायफळ फोडले, तर मधल्या पोकळीत माशीसारखा वाळलेला किडा निघाला. बाहेरून वाट नसताना तो आत गेला कसा?

उत्तर १ (निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, वर्धा)

ताई, तो किडा आत गेलेला नाही. मायफळच त्याच्याभोवती वाढले. मायफळ हे फळ नव्हे. तुर्कस्तान, सीरिया, इराण या प्रदेशांत वाढणाऱ्या ओकच्या एका जातीच्या कळीत बारीक गांधीलमाशीची मादी अंडे घालते आणि त्यातील अळीच्या प्रभावामुळे झाड आपल्याच पेशी वाढवून तिच्याभोवती ही गाठ तयार करते. अशा गाठींचे मूळ कीटकाच्या अंड्यात असते, हे इटलीच्या माल्पीघी या शास्त्रज्ञाने १६७९ मध्येच मांडले होते. अळीलगतचा थर पौष्टिक असतो, तर बाहेरच्या भागात टॅनिन हे तुरट द्रव्य ठासून भरलेले असते. माशी उडून गेलेल्या मायफळात ते कमी उरते, म्हणून व्यापारी बंद मायफळ अधिक चांगले मानतात. तेव्हा छिद्र म्हणजे कीड नव्हे. बाळाला ते द्यावे की नाही, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

आता छिद्रांविषयी. एकच मोठे छिद्र असेल, तर बहुधा गाठीची मूळ मालकीण बाहेर पडलेली असते. बारीक छिद्रे बहुतेक वेळा इतरांची असतात. ओकवरील सिनर्गस या वंशाच्या बहुतेक माश्यांना स्वतःची गाठ निर्माण करता येत नाही, म्हणून त्या दुसरीच्या गाठीत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या गाठीचाच गर खाऊन वाढतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हाच प्रकार. त्यात कित्येकदा मूळ अळी मरते. त्यांच्याही वरचढ म्हणजे चकचकीत हिरव्या-निळ्या परजीवी माश्या, ज्या लांब अंडनलिकेने गाठीची भिंत भेदून आतील अळीवर अंडे घालतात. यांतील काही मालकिणीला खातात, काही सिनर्गसला, तर काही चक्क दुसऱ्या परजीवीला. फ्लोरिडातील ओकवर तर युडेरस सेट नावाची परजीवी आहे (तिचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले). ती यजमान माशीला, म्हणजे गाठ करणाऱ्या माशीला, अपुरे छिद्र पाडायला लावते, त्यात यजमानाचे डोके अडकते आणि ही ते डोके पोखरून बाहेर येते. सगळे निघून गेल्यावर रिकाम्या गाठीत मुंग्या किंवा कोळी बिऱ्हाड करतात.

उत्तर २ (कोसा उत्पादक, जि. भंडारा)

सर, आमच्या ऐनाच्या पानांवर दरवर्षी फोडांसारख्या गाठी येतात. त्या याच माशीच्या का?

उत्तर १ चे लेखक

नाही भाऊ. ओक आपल्या जंगलात नाहीच. ओकच्या जाती हिमालयात आढळतात, बांज हा त्यांपैकी एक. ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवरील गाठी ट्रायोझा फ्लेचेरी या रस शोषणाऱ्या सूक्ष्म कीटकाच्या असतात. मात्र त्या गाठींतही परजीवी माश्या शिरकाव करतात. गाठी असलेली पाने काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलचे फडके बांधावे आणि बरणी सावलीत ठेवावी, म्हणजे कोण कोण बाहेर येते ते दिसेल. ओकसारखी गर्दी पाहायची असेल, तर उंबर सर्वांत सोयीचे. परागण करणारी माशी तोंडाच्या छिद्रातून आत जाऊन आतल्या फुलांत अंडी घालते आणि त्या फुलांच्या बीजकोशांच्या गाठी होतात. अपोक्रिप्टा वंशाच्या माश्या मात्र बाहेर बसूनच कच्च्या उंबराच्या सालीतून लांब अंडनलिका आत खुपसतात. फांदी हाताशी असेल, तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसते.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. मायफळे परत करत नाही. बारीक छिद्रांचे मायफळ उद्या नातीसमोर फोडून पाहणार आहे.