शाकाहारी अरबी पदार्थांच्या यादीत मुजद्दराही घ्या

शाकाहाऱ्यांना अरबी जेवणात हमस (काबुली चण्याची चटणी) आणि फलाफल (चण्याचे तळलेले वडे) यांशिवाय काही नाही, असं कुणीतरी म्हटलंय. ते झालं हॉटेलातलं. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईनच्या घरांत मुजद्दरा असतो: अख्खा मसूर, तांदूळ आणि भरपूर कांदा. तिथले ख्रिस्ती लोक लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासात मांस सोडतात, तेव्हा तर हमखास.

सगळी चव कांद्यात. उभा चिरून ऑलिव्ह तेलात गडद तपकिरी होईपर्यंत परतायचा. घाई केली तर जळून कडू होतो. मसूर आधी अर्धवट शिजवून मग तांदूळ, जिरेपूड, मीठ. बस्स. गरम मसाला कृपया नको, मसालेभात होईल! अर्धा कांदा वरून घालायला ठेवा. सोबत दही नाहीतर काकडी-टोमॅटोची लिंबू पिळलेली कोशिंबीर. गारही छान लागतो.