लेआउटमधली मोकळी जागा: सभागृहाचा प्रस्ताव, २२ झाडं आणि मुलांचं मैदान

निंबोणी_गल्ली (प्रश्न)
ड वर्ग महापालिका, १९९४चा मंजूर लेआउट, १२,००० चौ.मी., ५२ प्लॉट. त्यातली १,२०० चौ.मी. जागा नकाशावर 'खुली जागा' दाखवलेली आहे. आता तिथे ५०० चौ.मी.चं सभागृह आणि उरलेल्या भागात पेव्हर ब्लॉक असा प्रस्ताव प्रभागातून पुढे गेलाय. जागेवर २२ झाडं आहेत, त्यात एक जुना वड. रहिवाशांचे तीन प्रश्न:
१. सभागृह नियमात बसतं का?
२. हरकत कुठे आणि किती दिवसांत घ्यायची?
३. जागा वाचलीच, तर तिथे काय करावं? मुलांना क्रिकेट हवंय, ज्येष्ठांना सावली आणि बाकं.

नकाशा_बघा_आधी
आधी जागेची जात ओळखा. लेआउटची खुली जागा, डीपीतलं (शहराच्या विकास योजनेतलं) आरक्षण आणि अ‍ॅमेनिटी स्पेस (सार्वजनिक सुविधांसाठी सोडलेली जागा) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नव्वद टक्के अर्ज इथेच घसरतात. प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ची भीती तुम्हाला कोणी घातली असेल, तर ते डीपी आरक्षणाला लागू होतं. विकास योजना लागू होऊन १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. लेआउटच्या खुल्या जागेशी त्याचा संबंध नाही.

चार कागद काढा: मंजूर लेआउटची प्रमाणित प्रत, डीपीचा भाग नकाशा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि हद्द कायम मोजणीची 'क' प्रत (भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा). मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव असेल तर दचकू नका, जुन्या लेआउटमध्ये ते सर्रास सापडतं. पण ते तसंच राहू देऊ नका. उद्या वारस उभे राहतात ते त्याच कागदाच्या जोरावर.

सभागृहाचं गणित. मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत (२०२०) खुल्या जागेवर जास्तीत जास्त दुमजली बांधकाम चालतं. एकूण १५ टक्के, आणि त्यातलं तळमजल्यावर १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे तुमच्याकडे एकूण १८० चौ.मी., तळाला १२०. तेही व्यायामशाळा, वाचनालय, योग केंद्र, बालवाडी अशा वापरासाठी. ५०० चौ.मी. कुठल्याच बाजूने बसत नाही.

अर्जदार_क्र_१
वरच्यांना जोडून. माहिती अधिकाराचा अर्ज 'नमुना अ'मध्ये, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. लेआउट आणि झाडं एकत्र विचारलीत तर अर्ज परत येईल, दोन वेगळे अर्ज करा. 'सभागृह का बांधताय?' असं विचारू नका, 'का'ला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. असं लिहा: 'स. नं. अमुक, खुल्या जागेवरील प्रस्तावाची टिप्पणी, अंदाजपत्रक व बांधकाम परवानगीची साक्षांकित प्रत.' ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट लावून.

माहितीची वाट बघत हरकत थांबवू नका. हरकतीचं पत्र आजच आयुक्त, नगररचना आणि प्रभाग कार्यालय अशा तीन ठिकाणी द्या. पोच म्हणून शिक्क्यासोबत आवक क्रमांक घ्या, नुसता शिक्का पुढे उपयोगी पडत नाही. १५० सह्यांच्या एका निवेदनापेक्षा कारणं लिहिलेली ३० वेगवेगळी पत्रं जास्त वजनदार ठरतात, कारण प्रत्येकाची नोंद वेगळी होते.

सुनावणी झालीच तर एक निकाल हाताशी ठेवा: बंगलोर मेडिकल ट्रस्ट, सर्वोच्च न्यायालय, १९९१. बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला देणं न्यायालयाने रद्द ठरवलं. तुमचं प्रकरण हुबेहूब तसं नाही, पण खुल्या जागेचा वापर बदलण्याबद्दलची त्यातली भूमिका कामाला येते.

बुंधा_मोजा
झाडांची बाजू वेगळी लढवा. कुठलंही झाड तोडायला १९७५च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते आणि त्याआधी झाडावर नोटीस डकवावी लागते. हरकतीची मुदत नोटिशीवर असते, बहुधा सातच दिवस. शुक्रवारी संध्याकाळी नोटीस चिकटवली की त्यातले दोन दिवस सुट्टीत जातात. म्हणून आठवड्यातून दोनदा फेरी मारा.

आजच २२ झाडांची यादी करा: क्रमांक, जात, जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर, टेप दिसेल असा फोटो. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड 'हेरिटेज' धरलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावणं आलं. साहजिकच प्रस्तावात वय कमी लिहिण्याचा मोह होतो. वडाचा घेर आधीच नोंदवलेला असेल तर ते जमत नाही. फक्त पारंब्यांसकट टेप गुंडाळू नका, ती मोजणी पहिल्या झटक्यात बाद होते.

पेव्हरबद्दल: बुंध्याला चिकटून ब्लॉक बसवले की पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात आणि चार-पाच पावसाळ्यांत झाड कलतं. मग 'धोकादायक' म्हणून तोडायला परवानगी मागितली जाते. बुंध्याभोवती किमान १ मीटर माती उघडी हवी. २०१३मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसाठी दिलेल्या आदेशातही हेच अंतर आहे.

निंबोणी_गल्ली
दोन्ही अर्ज करतोय. तिसऱ्या प्रश्नाचं?

झोका_घसरगुंडी
मधला भाग मोकळाच ठेवा. झाडं लावायच्या हौसेत मैदान जातं, हेही बऱ्याच ठिकाणी झालंय. नवी झाडं फक्त कडेने, ५-६ मीटर अंतराने: ताम्हण, बहावा, करंज, बकुळ. गुलमोहर आणि पेल्टोफोरम (सोनमोहर) नकोत, वादळात त्यांच्या फांद्या खेळणाऱ्यांवर येतात. खड्डा २×२×२ फूट, दोन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत. पिशवी पूर्ण काढा, नुसती फाडून पुरू नका. लोखंडी पिंजरा तीन वर्षांनी काढायचा, ही तारीख वहीत लिहा. नाहीतर खोड जाळीत रुततं.

झोका लावणार असाल तर आडव्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे लागते. ८ फुटांची दांडी म्हणजे १६ अधिक १६ फूट. ठेकेदार हमखास यात कापाकापी करतो. खाली १ फूट धुतलेली वाळू, सिमेंट नको. पत्र्याच्या घसरगुंडीचं तोंड उत्तरेला. पश्चिमेला केलं तर मे महिन्यात दुपारी चारला पोरांच्या मांड्या भाजतात.

क्रिकेटचं म्हणाल तर टेनिस बॉल, मुरमाची पिच आणि खिडक्यांच्या बाजूला २० फूट उंच नायलॉन जाळी. सीझन बॉलला १,२०० चौ.मी. पुरत नाहीत.

नकाशा_बघा_आधी
ओपन जिमचा फुकट संच देऊ करतील, घाई करू नका. पाया ओला असतानाच बोल्ट हलले की वर्षभरात मशीन डुगडुगतं आणि दुरुस्ती कोणाच्या खात्यात यावर पत्रव्यवहार सुरू होतो. घ्यायचंच असेल तर देखभालीचा कालावधी कार्यादेशात लिहून घ्या. आणि मोजणीची तारीख मिळाली की हद्दीचे दगड रोवताना चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, दगड सरकतात.