नाशिकमधल्या सातपूरच्या बाल्कनीत धिंगरी (ऑयस्टर अळिंबी): काड गरम पाण्यातून काढायचं की औषधातून?

सातपूर_गच्ची
उत्तरेकडची बंद बाल्कनी आहे, साधारण 4 बाय 8 फूट, एक सरकती खिडकी. घरी खाण्यापुरत्या धिंगरीच्या चार-पाच पिशव्या टांगायच्या आहेत. निफाडकडून गव्हाचं काड मिळतंय, इगतपुरीकडून भाताचा पेंढाही मिळेल. कोणतं घेऊ? काड निर्जंतुक करायला फॉर्मॅलिन-कार्बेन्डाझिम ही औषधं लागतातच का? आणि ऑक्टोबरअखेर सुरुवात केली तर थंडीत पीक येईल का?

काडीमोड
दोन्ही चालतात. काड याच हंगामातलं, पिवळं, पावसात न भिजलेलं हवं. काळपट किंवा कुबट वासाचं असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. थ्रेशरचा भुसा असेल तर धूळ चाळून टाका, ती ओली झाली की लगदा होतो आणि आत हवा खेळत नाही. पेंढा 3 ते 5 सेंमी कापून घ्या. सोयाबीनचं कुटार फुकट मिळतं म्हणून नवख्यांनी घेऊ नये. त्यात नत्र जास्त, पिशवी तापते आणि बुरशी लवकर धरते.

एका पिशवीला 1 किलो कोरडं काड धरा. कांद्याच्या जाळीदार गोणीत भरून रात्रभर साध्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवा. सकाळी निथळून 80 अंशांच्या पाण्यात एक तास. हा तास काड टाकल्यापासून नाही, पाणी पुन्हा 80 ला आल्यापासून मोजायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण गार काड टाकलं की पाणी सहज 15-20 अंश उतरतं. खळखळ उकळू नका, काड मऊ पडतं. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर पुरतो.

मग गोणी टांगून निथळू द्या आणि धुतलेल्या प्लास्टिकवर पसरून गार करा. मूठभर काड जोरात दाबा: तळहात ओला व्हावा, पण थेंब टपकता कामा नये. थेंब पडतोय तोवर भरायचं नाही. पिशवीच्या तळाशी पाणी साचलं की तिथे आंबूस वास येतो आणि स्पॉन (अळिंबीचं बियाणं) कुजतं.

निथळलेलं काड पावणेतीन-तीन किलो भरतं, त्याला 80 ते 100 ग्रॅम स्पॉन घ्या. आदल्या दिवशी फ्रीजमधून काढून ठेवा. पांढरंशुभ्र हवं, हिरवी छटा किंवा आंबट वास असेल तर परत करा. 14 बाय 22 इंची पिशवीत चार-पाच थर द्या, स्पॉन जास्त करून कडेने. घट्ट दाबा, तोंड बांधा आणि स्पिरिटने पुसलेल्या सुईने 20-25 भोकं पाडा.

मळा_आणि_मेट्रो
औषधाचं प्रमाण विचारलंच आहे तर: 100 लिटर पाण्यात कार्बेन्डाझिम 7.5 ग्रॅम आणि फॉर्मॅलिन 125 मिली, काड 16 ते 18 तास झाकून बुडवायचं. शेडमध्ये शंभर पिशव्या असतील तर हीच पद्धत स्वस्त. पण फ्लॅटमध्ये नको. फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे-घसा जळतो आणि ते पाणी ओतणार कुठे, बाथरूममध्ये? पाच पिशव्यांना गॅसवरचं पातेलं बास.

सातपूर_गच्ची
ठरलं, गरम पाणी. आता थंडीचं सांगा. आणि हिरवे डाग दिसले तर?

गोदाकाठची_अळिंबी
पिशवी पांढरी होताना, म्हणजे धिंगरीची बुरशी काडभर पसरताना, 24 ते 28 अंश लागतात आणि अंधार. 15 ते 20 दिवसांत काम होतं. ऑक्टोबरअखेरीला हे आपोआप जमतं. डिसेंबरात नाशिकची रात्र दहाच्या आसपास उतरते तेव्हा तेच काम पंचवीस दिवसांवर जातं, म्हणून तेव्हा नव्या पिशव्या घराच्या आतल्या खोलीत पांढऱ्या करा, बाल्कनीत फक्त फुलवायला आणा. फ्लोरिडा जात मागा, थंडी तिला मानवते. साजोर-काजू जरा उबेची. एप्रिल-मे सोडून द्या. कूलर लावून गुलाबी धिंगरी येते, पण घरच्या भाजीसाठी एवढा खटाटोप कशाला?

नाशिकला थंडीपेक्षा कोरड्या हवेचा त्रास मोठा. 80 ते 90 टक्के आर्द्रता हवी, म्हणून पुस्तकात म्हणतात तशी पांढरी झालेली पिशवी पूर्ण सोलू नका. 5 सेंमीच्या सात-आठ चिरा द्या, बाकी प्लास्टिक राहू द्या. खिडकीला ओलं गोणपाट टांगा, फवारा भिंती-जमिनीवर दिवसातून तीनदा. थेट बारक्या पिनांवर (अळिंबीच्या कोवळ्या कोंबांवर) पाणी मारलं की त्या पिवळ्या पडून कुजतात. उलट, देठ लांब आणि छत्री बटणाएवढी राहिली तर हवा कोंडली आहे: सकाळ-संध्याकाळ अर्धा तास खिडकी उघडा. थोडा उजेडही हवा, पेपर वाचता येईल इतका.

हिरवा डाग म्हणजे ट्रायकोडर्मा, पीक खाणारी दुसरी बुरशी. पिशवी पांढरी होण्याआधी दिसला तर न उघडता बाहेर काढा. घरात उघडली की बीजाणू बाकीच्यांवर बसतात. आतून पिवळसर पाण्याचे थेंब दिसले तर घाबरू नका, ते धिंगरीच्या बुरशीचंच पाणी. मात्र जास्त असेल तर पिशवी तापतेय.

पिना दिसल्यापासून तीन-चार दिवसांत काढणी. छत्रीची कड वर वळण्याआधीच, देठाला पीळ देऊन. उशीर झाला तर पांढरी पूड झडते, दमेकऱ्यांना ती बाधते. मास्क लावा, बाल्कनीचं दार बंद ठेवा. आठ-दहा दिवसांनी दुसरी तोडणी, मग तिसरी. किलोभर काडामागे सगळे मिळून 600 ते 800 ग्रॅम.

मळा_आणि_मेट्रो
खिडकीला बारीक जाळी विसरू नका. कुजट वासावर चिलटं येतात आणि त्यांच्या अळ्या देठ पोखरतात. साधी मच्छरदाणी त्यांना अडवत नाही, 40 मेशची (इंचाला 40 छिद्रांची) घ्या. आत एक पिवळा चिकट सापळा. स्पॉनसाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात विचारा. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथेही चौकशी करा. कुरिअरने मागवणार असाल तर शनिवारी निघणारं पार्सल टाळा, दोन दिवस गोदामात तापतं.