मंडळी 'आपली' म्हणजे नेमकी कोणाची?

भायखळ्याची_लेक

सर्वांना सलाम. इथे ख्रिस्ती वाचक बरेच आहेत म्हणून विचारते.

आमचे पणजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीत कामाला आले, तेव्हापासून आम्ही एकाच चर्चचे, म्हणजे आमच्या भाषेत एकाच मंडळीचे. माझा बाप्तिस्मा तिथला, आजीची शेवटची उपासनाही तिथलीच. दाराशेजारी कोनशिला आहे, तिच्यावर एका मिशनऱ्याचं नाव. आवारात मोडकळीला आलेली दुमजली इमारत आहे आणि तिच्या पुनर्विकासावरून वर्षभर कमिटीत दोन तट पडलेत. गेल्या महिन्यात, तेही प्रभुभोजनाच्या रविवारी, उपासना संपून १० मिनिटं झाली नसतील, तोच व्हरांड्यात हिशेबाच्या वहीची ओढाओढ झाली. वही बाबांकडे राहिली, पुठ्ठा दुसऱ्याच्या हातात. बाबा ११ वर्षं खजिनदार आहेत. घरी येऊन त्यांनी चर्चच्या किल्ल्या टीव्हीशेजारी ठेवल्या आणि तेव्हापासून ते उपासनेला गेलेले नाहीत.

त्या दिवशी दोन्ही बाजू एकच वाक्य ओरडत होत्या: "ही आपली मंडळी आहे, आपणच ठरवणार."

त्यात परवा ऑफिसात लालबागच्या मैत्रिणीने सहज विचारलं, "तुमचं चर्च अमेरिकनांनी काढलं ना गं?" मी म्हटलं, नाही, देवाने स्थापलं. लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं उत्तर तोंडून गेलं, पण त्याचा अर्थ मला सांगता आला नाही. देवाने स्थापलेल्या मंडळीत असं होतं का? आणि माणसांनीच काढलेली असेल, तर एक, पवित्र, प्रेषितीय मंडळीवर माझा विश्वास आहे असं मी मतांगिकारात, म्हणजे उपासनेत म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, कशाच्या जोरावर म्हणू?

निवृत्त_पाळक

ताई, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १६ वा अध्याय उघडा. प्रभू येशू शिष्यांना घेऊन फिलिप्पाच्या कैसरियाकडे आले आहेत, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी. तिथे उंच कडा आहे. कड्याला लागून पान नावाच्या ग्रीक देवाचं ठाणं होतं आणि हेरोदाने कैसराच्या नावाने बांधलेलं देऊळही त्याच परिसरात. अशा जागी शिष्यांपैकी पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र. त्यावर प्रभू म्हणतात, ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन.

खडक कोण, यावर शतकानुशतकं चर्चा चालली आहे. ग्रीकमध्ये पेत्राचं नाव पेत्रॉस आणि खडकाला पेत्रा असे दोन शब्द आहेत, पण प्रभू बोलत त्या अरामी भाषेत दोन्हींना केफाच म्हणतात. कॅथलिक बांधव म्हणतात, खडक म्हणजे पेत्र आणि त्याच्यामागून चालत आलेला अधिकार. आपण प्रॉटेस्टंट बहुधा म्हणतो, पेत्राने दिलेली ती कबुली, म्हणजे पर्यायाने ख्रिस्तच. संत ऑगस्टीनने दोन्ही अर्थ सांगितले आणि उतारवयात निवड वाचकावर सोडली.

मला तुमच्या प्रश्नासाठी 'मंडळी' हा शब्द जास्त मोलाचा वाटतो. मूळ शब्द एक्लेसिया. ग्रीक शहरात हाक देऊन बोलावलेल्या नागरिकांच्या सभेला तो वापरत. हाक मारणारा आधी असतो, सभा त्याच्यानंतर भरते. आपण जमलो म्हणून मंडळी झाली असं नाही, त्याने बोलावलं म्हणून आपण जमलो.

वाशीचा_भाऊ

सोडा ती मंडळी, ताई. आम्ही ४० जण भाड्याच्या हॉलमध्ये जमतो. मालमत्ता नाही, कमिटी नाही, भांडणही नाही. यरुशलेमेत माडीवरच्या खोलीत जमलेल्यांकडे तरी कुठे इमारत होती?

मरोळचा_गवंडी

पोरी, मी कॅथलिक आहे, त्यामुळे पेत्राबद्दल पाळकसाहेबांहून माझं मत वेगळं असणार. ते राहू दे. मी ४१ वर्षं दगडकामात काढली, दगडाबद्दल बोलतो.

हल्ली कोनशिला म्हटलं की पाहुणे येतात, पडदा सरकतो आणि नाव कोरलेली फरशी दिसते. ती फरशी उद्या काढली तरी इमारतीला काही होत नाही. शास्त्रातली कोनशिला तशी नव्हे. दगडी कामात आधी कोपऱ्याचा दगड बसतो. तो मोठा निवडायचा, टाकीने काटकोनात घडवायचा. ओळंबा त्याच्यावरून घ्यायचा, लाइनदोरी त्याच्यापासून ताणायची. दोन दिशांनी येणाऱ्या दोन भिंती त्याच्यात मिळतात. तो अर्धा बोट फिरला तर वरचा एकेक थर तितका फिरत जातो. प्रेषित पौल इफिसच्या मंडळीला पत्रात हेच लिहितो: प्रेषित आणि संदेष्टे हा पाया, कोनशिला स्वतः ख्रिस्त. आणि त्या दोन भिंती म्हणजे यहूदी आणि विदेशी, जे तोवर एका पंगतीला बसत नव्हते.

तेव्हा तुझ्या मैत्रिणीला सांग, फरशीवरचं नाव निरोप घेऊन आलेल्याचं आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, ते निरोप घेऊनच. आमच्या कॅथलिकांकडे जेझुइट संघाचे पाद्री त्यांच्या कितीतरी आधी आले. त्यांनी १५७९ मध्ये बांधलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्टचं देऊळ आज अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात आहे. १८४० मध्ये साथ आली, लोकांनी ती जागा सोडली आणि मरोळला नवं देऊळ केलं. जुन्याचं छप्पर गेलं, भिंती तेवढ्या उरल्या. मंडळी मात्र चालत मरोळला आली. मी त्याच मंडळीतला.

वाशीच्या भावा, इमारत म्हणजे मंडळी नव्हे हे तुझं खरं. पण पौलाच्या काळी करिंथ शहरातली ख्रिस्ती माणसंही घरांतच जमत होती, तरी 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' चालूच होतं. पौलाने त्यांना दुसरीकडे जा असं लिहिलं नाही. घातलेल्या पायाशिवाय दुसरा पाया कोणाला घालता येत नाही आणि तो पाया येशू ख्रिस्त आहे, असं लिहिलं.

आता भांडणाचं. एका जुन्या देवळाच्या मागच्या भिंतीला पोट आलं होतं. सगळे म्हणाले, पाया खचला, पाडा. आम्ही चर खणून पाहिलं तर पाया एक सूतही हलला नव्हता. कुणीतरी नंतर पाइपासाठी भिंतीला भोक पाडून ते नीट बुजवलं नव्हतं. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी आत जाऊन चुना धुतला गेला आणि दगड सुटे झाले. पाया मजबूत निघाला म्हणून भिंतीचं पोट आपोआप जात नाही, पोरी. एकेक दगड काढायचा, खडूने नंबर टाकायचा, कुजलेला चुना खरवडायचा आणि नव्या चुन्यात तोच दगड त्याच जागी बसवायचा. आम्हाला चार महिने लागले. एकही दगड फेकला नाही. तुझ्या बाबांना हे सांग.

पेत्राचंच बघ. 'खडक' ऐकल्यावर पाच वचनं होत नाहीत, तोवर प्रभू त्यालाच म्हणतात, सैताना, माझ्या मागे हो. दगड तोच होता. त्याला पुन्हा बसवला.

शेवटी तुझ्या कमिटीचं ते वाक्य. 'मी आपली मंडळी रचीन' यातलं 'आपली' आपण तुमची-आमची असं वाचतो, कारण मराठीत दोन्ही अर्थ होतात. पण बोलणारा 'मी' म्हणतोय, म्हणजे 'आपली' त्याची स्वतःची. आमच्या आजीने शिकवलं होतं, ख्रिस्तसभा, म्हणजे तुम्ही म्हणता ती मंडळी, क्रुसावर प्रभूच्या कुशीतून जन्मली, आदामाच्या कुशीतून हव्वा निघावी तशी. शिपायाने भाल्याने कूस भेदली तेव्हा रक्त आणि पाणी वाहिलं. पुढे पन्नासाव्या दिवसाच्या सणाला पवित्र आत्मा उतरला आणि सुमारे ३,००० लोकांचा बाप्तिस्मा झाला, पण किंमत त्याआधीच मोजली गेली होती. सातबारा त्याच्या नावावर आहे. बिल्डरला जागा द्यायची की नाही हे कमिटीला ठरवावंच लागेल, त्यात पाप नाही. मात्र दुसऱ्याच्या मालकीची वस्तू सांभाळणारा जसा बोलेल, तसं त्या सभेत बोलायला हवं. वही ओढणाऱ्यांना हे तोंडावर सांगायला कुणीतरी हवं. तू का नाही?

भायखळ्याची_लेक

काका, तुमचं उत्तर रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मध्येच थांबवून त्यांनी एवढंच विचारलं, "खडूचा नंबर पुसला गेला तर?"

मला काय सांगायचं ते सुचलं नाही. तुम्ही सांगाल?

किल्ल्या अजून टीव्हीशेजारीच आहेत. पण आज संध्याकाळी ऑफिसातून आले, तेव्हा बाबा फाटलेल्या वहीला खाकी पुठ्ठा लावत बसले होते. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. मत्तय १६ मी वाचेन असं सेक्रेटरींना कळवलंय.

मरोळचा_गवंडी

त्यांना सांग, नंबर पुसला गेला तर दगड हातात घेऊन भिंतीशी लावून बघतात. टाकीचे घाव शेजारच्या दगडाशी जुळतात, जागा सापडते. मला तीनदा सापडली आहे.

आणि मे महिन्यात जुन्या देवळात सण असतो, तेव्हा दोघं या. डोक्यावर काहीतरी घ्या, छप्पर नाही तिथे.